पत्रिकेतली मोकळी जागा

दिलेली लग्नपत्रिका परत येते, हे उषाबाईनं आजवर फक्त ऐकलं होतं. बुधवारी सकाळी ती तिच्याच हातात आली. जालन्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं फाट्यावर गाडी थांबवली, खिडकीतून पाकीट दिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, जाफराबादच्या मच्छिंद्र मामानं दिलंय. म्हनले, पत्ता चुकला. ह्या लग्नात आपलं कोनी न्हाई."

पाकिटावर तिनंच लावलेलं हळदीचं बोट होतं. आत थोरल्या लेकीच्या, बेबीनंदाच्या लग्नाची पत्रिका, सोनेरी कडांची. लग्न रविवारी. आणि नवरीचा सख्खा मामा, उषाबाईचा पाठीराखा थोरला भाऊ, म्हणतो पत्ता चुकला! नवरीच्या पाठीशी मामा उभा नसेल तर मांडवात काय शोभा राहायची? चारचौघी तोंडाला पदर लावून विचारतील, "काय वं, माहेर तुटलं का काय?" उषाबाई फाट्यावरून घरापर्यंत रडली नाही. घराचा उंबरा ओलांडला आणि मग मात्र तिला आवरेना.

चूक कोणाची, हे साऱ्या तीर्थपुरीला ठाऊक होतं. चूक धाकट्या लेकीची, शिवकन्येची. पोरगी जालन्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. चित्रं काढायची, गिटार वाजवायची, कॉम्प्युटरवर काय काय लिहायची. यंदा तिनं हट्ट धरला, की ताईची पत्रिका मी करणार. उषाबाईच्या नवऱ्याचे, धर्मराजाचे, थोरले भाऊ काकासाहेब म्हणजे घराचा शब्द. त्यांनी वहीच्या कागदावर बेचाळीस नावांची यादी करून दिली. चुलते, मामा, आते-मामेभाऊ, व्याही, कोणाच्या आधी कोण, कोणाच्या मागं कोण, सगळं दोन दिवस डोकं खाजवून. पोरीनं ती यादी वाचली आणि तिच्या कलेच्या जीवावर आलं. एवढी गर्दी? तिनं वर-वधू ठेवले, त्यांचे आई-बाप ठेवले, तारीख, ठिकाण, कोपऱ्यात कडुलिंबाची एक नाजूक फांदी काढली आणि बाकी पांढरंशुभ्र सोडून दिलं. बाराशे पत्रिका छापून आल्या. काकासाहेबांचा चष्मा त्या दिवशी नेमका दुरुस्तीला होता. त्यांनी सोनेरी कडेवरून बोट फिरवलं, "झकास!" म्हणाले, आणि वाटायला काढल्या.

आता पत्रिका काय वाचायला असते? पत्रिका असते आपलं नाव शोधायला. सोमवारपासून फोन सुरू झाले.

"मोकळी जागा कशाला सोडली गं तिथं?" अंगणात खाटेवर बसून काकासाहेब ओरडले. शिवकन्या कडुलिंबाखाली उभी होती, ओठ दाताखाली धरून.

"डोळ्याला विसावा मिळतो, मोठे बाबा."

"विसावा! आरं धर्मराजा, ऐक तुझ्या पोरीचं. बारा चुलते उभे राह्यले असते तिथं, बारा! त्यायला उन्हात उभं केलं अन् डोळ्याला विसावा देऊन राह्यली!"

धर्मराज भावापुढं कधी मोठ्यानं बोलला नव्हता. तो बैलाच्या गळ्यातला कासरा उगाच सोडून परत बांधत राहिला.

"मी तं आधीच म्हणत व्हते," थोरली जाऊ सगुणाबाई दारातून म्हणाली. "पोरीला शिकवलं, ते बी चित्रं काढायला. भोगा आता."

"दुसऱ्या छापून घेऊ," धर्मराज कसाबसा पुटपुटला.

"सीझन चालू हाये, प्रेसवाला सोमवारशिवाय हात लावत न्हाई म्हनला. अन् एकदा रुसलेल्या माणसाला दुसरी पत्रिका? उष्ट्या ताटात वाढल्यावानी!" काकासाहेब उठले. शिवकन्येची गिटार ओसरीच्या खुंटीला होती. ती त्यांनी उचलली, धान्याच्या खोलीत ठेवली, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. "लग्न होऊ दे. मंग कॉलेज बी बंद. बिलकुल बंद. एका पोरीनं चाळीस घरं तोडली. आता घरी बसून भाकरी थाप."

शिवकन्या आत गेली. उषाबाईला लेकीचा राग आला होता, भलताच आला होता. पण ती किल्ली खिशात जाताना पाहिली आणि तो राग तिथंच विरला. एकाच दिवशी भाऊ गेला आणि लेकीचं शिक्षण गेलं. दोन्ही गोष्टी तिच्याच पदरात.

दुपारी तिनं जाफराबादला फोन लावला. "भाऊ, म्या बोलते."

"कोन?"

"म्या. उषा."

"आमच्या घरात उषा कोनी न्हाई," असं म्हणून मच्छिंद्रनं फोन ठेवला. हे मात्र खरं होतं. उषा हे नाव सासरचं. तीस वर्षांपूर्वी ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं रेघा ओढून नवऱ्यानं ते ठेवलं होतं. माहेरी ती शेवंता. आणि त्या नावानं तिला हाक मारणारा जगात आता एकच माणूस उरला होता.

हे सारं ती शिवकन्येला सांगत बसली, रडत रडत. सांगता सांगता पोरीचं रडणं थांबलं आणि ती आईकडं टक लावून पाहू लागली.

"माय, मोठ्या मायचं माहेरचं नाव काय गं?"

"मला काय ठावं? तिला सगुणाच म्हणत्यात."

"आजीचं? सोनूबाईचं?"

"न्हाई बाई ठाऊक."

"मंग पत्रिकेतून कोण गळालं, माय? बेचाळीस गडी गळाले तं एवढा दंगा. तुमी तं कधी यादीतच नव्हत्या." पोरीनं नाक पुसलं. "शेडची भिंत मला दे. रस्त्याकडची. रविवारच्या आत सगळी नावं तिथं मांडते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील एवढी."

कापूस भरायच्या शेडची ती भिंत घनसावंगीच्या रस्त्याला लागून, चांगली बत्तीस पावलं लांब. निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा ग्रामपंचायतीनं वरच्या साऱ्या घोषणा चुन्यानं पुसून ती कोरी करून दिली होती. आणि कोपऱ्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या माणसानं गेरूनं लिहून ठेवलं होतं: 'राखीव'. दरवर्षी काकासाहेब त्याला भिंत द्यायचे आणि बदल्यात टोप्या-टीशर्ट घ्यायचे.

"दादांला इचारावं लागंल," उषाबाई म्हणाली.

"ते न्हाईच म्हणणार."

 तीस वर्षांत उषाबाईनं या घरात एक वाटीसुद्धा न विचारता जागची हलवली नव्हती. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "ती शेड बांधताना गिलाव्याला पानी म्या वाह्यलंय. डोक्यावर. बेबीच्या वक्ताला सातवा महिना व्हता मला. भिंत माझी बी हाये. तू काढ."

गुरुवारी उजाडताच काम सुरू झालं. 'राखीव' या अक्षरांवर उषाबाईनं स्वतः चुन्याचा कुंचला फिरवला. शिवकन्येनं रंग जालन्याहून आणलेच होते, बेबीच्या मांडवाच्या दारासाठी. कमी पडला तिथं गेरू, काजळी, कपड्याची नीळ. भिंतीवर तिनं बायकांची रांग काढायला घेतली. नवरीला हळद घेऊन निघालेल्या बायका. कोणाच्या कमरेला कापसाची ओटी, कोणाच्या हातात विळा, कोणी लुनाच्या मागं बसलेली. चेहऱ्याखाली दोन नावं. वर माहेरचं, खाली सासरचं.

रांगेत पहिली कोण, हे तिनं आधीच ठरवलं होतं. "माय, इथं बस. हालू नको."

"मला कशाला काढतीस?"

"तुला न्हाई. तुझ्या मायला. मामाच म्हणतो ना, तू हुबेहूब तिच्यावानी दिसती म्हून?"

उषाबाईच्या आईचा, प्रभावतीबाईचा, एकही फोटो नव्हता. नवरा गेल्यावर दोन लेकरं पाठीशी बांधून लोकांचा कापूस वेचणाऱ्या बाईचा फोटो कोण काढतंय? उषाबाई दगडावर बसली. "कपाळाला गोंदण व्हतं. मोठं. तीन ठिपके. अन् डावा कान फाटलेला." ती सांगत गेली आणि पोरगी काढत गेली. दुपारी उषाबाईनं वळून पाहिलं आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. भिंतीतून तिची आई तिच्याकडं पाहत होती.

सगुणाबाई दोनदा येऊन दुरून नाक मुरडून गेली. तिसऱ्यांदा आली ती भांडायलाच. "ह्यायला कळलं तं कुंचला मोडून टाकतील. अन् हे काय, माझं बी चित्तर काढलं का? हे नाक माझं हाये?"

"तुमचंच हाये, मोठी माय. वरची ओळ तेवढी राह्यली. तुमचं माहेरचं नाव काय?"

सगुणाबाईचं तोंड उघडंच राहिलं. "मला बी दिलं व्हतं की माय-बापानं नाव," ती हळूच म्हणाली. "झुंबर. झुंबर म्हणायचे मला." मग एकदम कशी लाजली! पदर तोंडाला लावला आणि पस्तीस वर्षांपूर्वीची पोर होऊन हसली. "झुंबर म्हणलं तं ओ देऊ का न्हाई, तेच कळंना गं मला आता."

शिवकन्येनं लिहिलं: 'झुंबर'. त्याखाली: 'सगुणाबाई काकासाहेब'. सगुणाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ती तीन अक्षरं कोणती ते विचारून घेतलं, ओल्या रंगापासून एक बोट दूर धरून एकेका अक्षरावरून हात फिरवला आणि मग शिडी पकडून उभी राहिली. "कोन येतंय कुंचला मोडायला, बघते मी," ती म्हणाली.

मग गावात काय राहतंय गुपित? संध्याकाळपर्यंत रुसलेल्या घरांतल्या बायका एकेक करून येऊ लागल्या. कोणी शेळी शोधायच्या निमित्तानं, कोणी पीठ दळून आणायच्या. "आमचं बी टाक गं पोरी. माझं भागूबाई व्हतं." "माझं कुशिवर्ता." "माझ्या सासूचं बी टाक, मेली तरी काय झालं!" ज्यांच्या नवऱ्यांनी लग्नाला जायचं नाही अशी शपथ घातली होती, त्याच बायका रंगाचे डबे हलवत होत्या. नाव भिंतीवर आणि बाई घरात, असं कसं चालेल? नवरे घरी शपथ घेऊन बसले आणि बायका लुगडी इस्त्रीला टाकून आल्या.

शुक्रवारी सकाळी शिवकन्या अंबडला नेट कॅफेत जाऊन आली. तिथं ती तिचा ब्लॉग लिहायची. ब्लॉग म्हणजे काय, हे तिनं आईला तीनदा समजावलं होतं. उषाबाईला कळलं ते एवढंच, की ती एक वही आहे, पण पेटीत ठेवायची नाही, रस्त्यावर टांगायची. वहीचं नाव 'भिंतीला तोंड'. भिंतीला कान असतात हे सगळेच म्हणतात, माझ्या भिंतीला तोंड आहे, असं पोरगी म्हणायची. बेबीच्या साखरपुड्यात नवरदेवानं दिलेल्या मोबाइलवर तिनं प्रभावतीबाईच्या चित्राचा फोटो काढला होता.

"काय लिव्हलंस?" उषाबाईनं विचारलं.

"खरं ते. चूक माझी म्हून लिव्हलं. नावं मी गाळली, मायचा भाऊ माझ्यामुळं रुसला."

"अन् गिटारीचं?"

"ते बी लिव्हलं. खोटं कशाला लिव्हू?"

काकासाहेब दोन दिवस अंबडच्या बाजारात, मांडव-आचाऱ्याच्या मागं होते. शुक्रवारी दुपारी ते परतले, फाट्यावर उतरले आणि भिंतीसमोर थबकले.  सगुणाबाई शिडी सोडून पुढं आली. दुरुस्त केलेला चष्मा लावून काकासाहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"बायाच बाया," ते म्हणाले. "गड्यायची नावं कुठंयत? रुसलेत ते गडी!"

"हायेत की, मोठे बाबा," शिवकन्या शिडीवरून म्हणाली. "वाचा ना. बेचाळीसच्या बेचाळीस. बायांच्या मागं."

काकासाहेबांनी पुन्हा वाचायला घेतलं. सगुणाबाई काकासाहेब. गयाबाई रखमाजी. कुशिवर्ता म्हणजे पार्वतीबाई बद्रीनाथ. कोणीच गळालं नव्हतं. एकेक चुलता, एकेक आतेभाऊ आपापल्या बायकोच्या नावामागं बराबर उभा होता. काकासाहेबांना हसू फुटू पाहत होतं, पण थोरल्या माणसानं एवढ्यात कसं हसायचं? "अन् मामाचं?" ते खेकसले. "खरा रुसलाय तो मामा. तो आला न्हाई तं ह्या भिंतीला घेऊन काय चाटायचंय?"

शिवकन्येनं शिडीवरून पहिल्या चित्राकडं कुंचला केला. पहिल्या चित्राखाली लिहिलं होतं: 'प्रभावतीबाई, मच्छिंद्र आणि शेवंताची माय.' काकासाहेब ते वाचून घरात गेले. किल्ली खिशातच राहिली.

शनिवारी सकाळी दहाला हळद. मांडव भरला. रुसलेले बत्तीस-तेहेतीस जण तरी आले होते आणि आल्या आल्या मांडवात न जाता आधी भिंतीकडं जाऊन आपली बायको शोधत होते. आत पाटावर बेबी बसली. वाटीत हळद कालवलेली. मामाच्या मानाची नवी कोरी साडी यायची ती आली नव्हती. बायका उषाबाईकडं पाहत होत्या आणि उषाबाई रस्त्याकडं.

"लावून घेऊ, उषा," सगुणाबाई कानात म्हणाली. "वेळ व्हतीय."

"थोडं थांबा, अक्का. ती एसटी येऊ द्या."

एसटी आली आणि गेली. कोणी उतरलं नाही. उषाबाईनं हळदीची वाटी उचलली. 

तेवढ्यात रस्त्यावर एक काळी-पिवळी जीप करकचून थांबली. मागून पोरं ओरडली, "मामा! मामा!" उषाबाई वाटी हातात घेऊनच धावली.

मच्छिंद्र जीपमधून उतरला होता, पण मांडवाकडं आला नव्हता. तो भिंतीसमोर उभा होता. डोक्यावरची टोपी काढून त्यानं छातीशी धरली होती. दुसऱ्या हातात घडी घातलेला छापील कागद. साठीला आलेला, शब्दाला कडक माणूस, आणि गालावरून पाणी वाहतंय, पुसायचंही भान नाही.

"माय हाये ही," तो म्हणाला. "आरं, माय हाये. कानसुद्धा तसाच फाटका."

उषाबाई त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. त्यानं वळून पाहिलं. एकदा भिंतीकडं, एकदा तिच्याकडं.

"शेवंते," तो म्हणाला.

बस्स. एवढंच. उषाबाईनं भर रस्त्यात भावाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, आणि हळदीची वाटी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उपडी झाली. नवरीच्या आधी मामालाच हळद लागली. मांडवातून हशा उठला, रडणारेही हसायला लागले.

"आमच्या जावयानं आणला हा कागद," मच्छिंद्रनं डोळे पुसत सांगितलं. "रामकिसन. बेबीचा नवरदेव. पोरीनं काय लिव्हलं ते त्यानं औरंगाबादेत वाचलं, छापून घेतलं अन् काल सांजच्याला जाफराबादेत दारात हजर. म्हनला, मामा, तुमी न्हाई तं माझ्या लग्नात मजा न्हाई. आज हळद लागायचीय त्याला, अन् लेकरू एवढ्या लांब आल्तं!" मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "ती चुकलेली पोरगी कुठंय?"

शिवकन्या पुढं आली. हाताला कोपरापर्यंत रंग. ती वाकून पाया पडली.

"मामा, चुकलं माझं."

"चुकलं तं चुकलंच. बराबर हाये, मी रुसलो." त्यानं तिला खांद्याला धरून उभं केलं. "पर लई लोकांनी पत्रिकेत माझं नाव छापलं आजवर, पोरी. माझ्या मायचं कोनी छापलं व्हतं का?" मग तो काकासाहेबांकडं वळला. "पाव्हणं, ह्या कागदात शेवटाला लिव्हलंय, की पोरीचं एक वाजायचं काहीतरी कोंडून ठिवलंय. खरं का?"

साऱ्या मांडवाचे डोळे काकासाहेबांवर. त्यांनी घसा खाकरला. "शिस्त लागती घराला," ते म्हणाले. पण हात बंडीच्या खिशात गेलाच, आणि किल्ली त्यांनी सगुणाबाईकडं दिली.

हळदीला बायका गाऊ लागल्या. शिवकन्या पाटाशेजारी गिटार घेऊन बसली. आधी सूर जुळेना. गाणं आपल्या चालीनं, गिटार आपल्या. मग पोरीनं तारा ढिल्या केल्या, सगुणाबाईच्या आवाजाच्या पट्टीत आणल्या, आणि जात्याच्या लयीत एक एक ठोका देऊ लागली. सगुणाबाईनं जागच्या जागी ओवी जुळवली:

भरल्या मांडवात गं, कोण उभं हे दारात,
शेवंताचा भाऊ आला, हळदीच्या घरात.

"वाजव गं वाजव!" बायका ओरडल्या. मामानं आणलेली साडी बेबीच्या अंगावर पडली. धर्मराज, जो कधी बोलत नाही, तो मांडवाच्या खांबाला टेकून मोठ्यानं म्हणाला, "माझी पोरगी हाये ती," आणि आपल्याच आवाजानं दचकला. उषाबाईला वाटलं, ऊर फुटतो की काय आता. एवढं सुख एकदम सोसायची तिला सवय नव्हती.

जेवणं झाली. पंगत उठल्यावर उषाबाई पाणी टाकायला रस्त्याकडं गेली, तर भिंतीच्या पार शेवटच्या कोपऱ्यात काकासाहेब एकटेच उभे. हातात कुंचला, पायाशी काळ्या रंगाचा डबा. तिला वाटलं, झालं, हा माणूस काहीतरी पुसतोय. ती घाईघाईनं पुढं गेली.

"दादा, काय करून राह्यलात?"

"कुठल्या बी भिंतीवर पेंटर आपलं नाव टाकतो," काकासाहेब मागं न पाहता म्हणाले. "हिनं सगळ्या गावाचं टाकलं अन् सोताचंच गाळलं. पुन्हा मोकळी जागा! एक नाव गाळल्याशिवाय हिला चैनच पडत न्हाई."

जिथं 'राखीव' लिहिलं होतं तिथंच, चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर ते लिहीत होते. अक्षर वाकडंतिकडं, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचं, रंगाचे ओघळ खाली आलेले. उषाबाईनं एकेक अक्षर जुळवत वाचलं.

पेंटर: शिवकन्या धर्मराज.

काकासाहेब थांबले. कुंचला डब्यात बुडवला, काठाला निथळला, आणि खाली आणखी दोन शब्द लिहिले. मग चष्मा वर करून म्हणाले, "वाच बरं मोठ्यानं. बराबर हाये का?"

उषाबाईनं वाचलं, "शिक्षण चालू."